पाऊस वाढला की मूल गप्प का होतं?
22 जुलै 2021. महाडमधल्या तळिये गावावर दरड कोसळली, 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूरच्या केवनाळे, साखर सुतारवाडीतही दरडी आल्या; महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालं.

असं काही पाहिलेलं मूल पुढच्या पावसाळ्यात पोट दुखतं म्हणतं, गप्प बसतं किंवा उगाच भांडतं. हा आगाऊपणा नसतो, भीती असते.

दोनशिक्षकी शाळेत समुपदेशक कुठला? म्हणून आधार सगळ्या शाळेनेच द्यायचा. रोजचा परिपाठ चुकवायचा नाही. मूल जेवलं नाही, तर खिचडी वाढणाऱ्या ताईंनीही गुरुजींच्या कानावर घालायचं. ‘त्या दिवशी काय झालं, सांग’ असा आग्रह मात्र नको. आपणहून बोललं तर ऐकायचं. भीती आठवडेच्या आठवडे टिकली, तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.