फुकट पेपरातली 'बिनकामाची' पानं

समजा, तुमच्या हातात १९९० सालचा 'शिकागो रीडर' आहे. फुकट वाटलं जाणारं साप्ताहिक. चाळलं तर काय दिसतं? कुठल्या बारमध्ये कुठला बँड, कोणतं नाटक, कोणता सिनेमा, भाड्याच्या खोल्या, छोट्या जाहिराती. तुमचा विषय पोलीस आणि राजकारण असेल, तर तुम्ही म्हणाल, "यात आपल्या कामाचं काही नाही." आणि इथेच फसाल.

कारण त्याच वर्षी जानेवारीत याच पेपरात जॉन कॉनरॉय यांचा मोठा लेख आला. शिकागो पोलिसांतले अधिकारी जॉन बर्ज आणि त्यांच्या हाताखालचे लोक संशयितांचा छळ करतात, विजेचे झटकेसुद्धा देतात, या आरोपांवर. कॉनरॉय यांनी हा विषय पुढे कित्येक वर्षं सोडला नाही. १९९३ मध्ये बर्ज बडतर्फ झाले. २०१० मध्ये शपथेवर खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरले. २०१५ मध्ये शहराने पीडितांसाठी ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

आता प्रश्न विचारा: या पत्रकारितेचे पैसे कुठून आले? १९७१ मध्ये कार्लटन कॉलेजातल्या मित्रांनी हा पेपर काढला. वाचकाकडून एक पैसाही नाही. सगळी भिस्त जाहिरातींवर. शुक्रवारी-शनिवारी कुठे जायचं हे बघायला तरुण मंडळी अंक उचलायची, म्हणून जाहिरातदार यायचे. म्हणजे बँडची यादी आणि छळाचा लेख एकाच गाडीची दोन चाकं होती. पुढे क्रेगलिस्ट आलं, छोट्या जाहिराती तिकडे गेल्या. २००७ मध्ये पेपर विकला गेला आणि डिसेंबरात कॉनरॉय यांची नोकरी गेली.

पण थांबा, 'यामुळे ते झालं' असं लगेच लिहू नका. आधी मोजा. दरवर्षीचा एकच महिना घ्या. छोट्या जाहिरातींची पानं आणि मोठ्या लेखांची पानं शेजारीशेजारी मांडा. मग बोला.

डिजिटल संग्रहात नाव टाकून शोधलं की अनेकदा नुसता लेख हाती येतो, शेजारचं पान नाही. विकतचा पेपर लोक निदान रद्दीसाठी तरी जपतात; फुकटचा तिथेच टाकून जातात. म्हणून असा अख्खा अंक मिळाला, तर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सगळ्याचे फोटो काढा. आज बिनकामाचं वाटणारं पान उद्या तुमचा पुरावा असू शकतं.