५५५ टाइमर आणि त्याची परीक्षा



घड्याळ म्हटलें कीं चाकें, कमान आणि लंबक हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या वस्तूनें गेल्या अर्धशतकांत असंख्य यंत्रांना वेळ मोजावयास शिकविलें, तिच्यांत हलणारें असें कांहींच नाहीं. ती म्हणजे ५५५ क्रमांकाची, आठ पायांची, नखाएवढी काळी आय.सी. तिचा इतिहास ठाऊक असल्यावांचून तिची परीक्षा नीट करतां येत नाहीं, हें आज मला सांगावयाचें आहे.

तिचा कर्ता हान्स कॅमेनझिंड. त्याचा जन्म १९३४ सालीं झूरिक येथें झाला. पुढें तो अमेरिकेंत गेला व कॅलिफोर्नियांतील सिग्नेटिक्स कंपनींत काम करूं लागला. कांहीं काळानें त्यानें नोकरी सोडली, आणि त्याच कंपनीसाठीं कराराने ही आय.सी. रचावयास घेतली. जें काम जुन्या सुट्या भागांनीं होतें, त्यासाठीं नवीन वस्तु कशाला, असा तेथील कांहीं इंजिनियरांचा आक्षेप होता. १९७१ च्या उन्हाळ्यांत पहिला आराखडा तयार झाला; त्यास नऊ पाय लागत. तो तपासून झाल्यावर कॅमेनझिंडला सुचलें कीं, स्थिर प्रवाह देणारा भाग काढून साधा रोधक वापरला तरी चालेल. एक पाय कमी झाला आणि आय.सी. आठ पायांच्या लहान वेष्टनांत बसली. १९७२ सालीं ती बाजारांत आली.

साधा रोधक कां चालला? आय.सी.च्या पोटांत प्रत्येकीं ५००० ओहमांचे तीन सारखे रोधक आहेत. ते पुरवठ्याच्या दाबाचे तीन समान भाग करतात. बाहेरील कॅपॅसिटर दोन-तृतीयांश दाबापर्यंत भरतो व एक-तृतीयांशापर्यंत रिकामा होतो. बॅटरी उतरली तर भरण्याचा वेग आणि या दोन्ही खुणा एकाच प्रमाणांत उतरतात. म्हणून वेळ जवळजवळ बदलत नाहीं. (या तीन रोधकांवरून ५५५ हें नांव पडलें असें पुष्कळ लोक सांगतात, स्वतः कॅमेनझिंडनें तें नाकारलें आहे.)

परीक्षेचें साधन तर याहून जुनें. ब्रिटिश पोस्ट खात्यांतील डोनाल्ड मॅकॅडी हा इंजिनियर निरनिराळीं मापकें वाहून कंटाळला होता. अँपिअर, व्होल्ट व ओहम हीं तिन्ही मोजणारें त्याचें ‘अ‍ॅव्हो’ यंत्र १९२३ सालीं विक्रीस आलें. आजचा मल्टिमीटर त्याचाच वंशज.

आतां पुष्कळजण आय.सी. नुसती हातांत धरून दोन पायांमधील ओहम मोजतात. त्यानें फारसें कळत नाहीं. कारण आंतील ट्रान्झिस्टरांतूनहि प्रवाह वाहतो व आंकडा फसवा येतो. तिला काम द्यावें आणि मग मोजावें. पहिला पाय ९ व्होल्टांच्या बॅटरीच्या ऋणाग्रास, आठवा व चौथा धनाग्रास जोडावा. पांचवा पाय मोकळा ठेवून पहिल्या व पांचव्या पायांमधील दाब पाहावा. तो ६ व्होल्टांच्या आसपास आला तर तीन रोधकांची वांटणी शाबूत आहे.

नंतर आठव्या व सातव्या पायांत १०,००० ओहम, सातव्या व सहाव्यांत १,००,००० ओहम जोडावे. दुसरा पाय सहाव्यास जोडून तेथून पहिल्याकडे १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा. कॅपॅसिटरचें ऋण टोंक पहिल्या पायाकडे असावें. तिसऱ्या पायावर मल्टिमीटरचा काटा सुमारें दीड सेकंदांत एकदां वरखालीं झाला, म्हणजे आय.सी. चांगली. काटा एकाच जागीं राहिला, तर आधीं आपली जोडणी पुन्हां तपासावी. पुष्कळदां दोष तेथेंच असतो, आणि चांगली वस्तु उगाच केरांत जाते.

ओहमांच्या एका आंकड्यावरून निर्दोष वस्तूस सदोष ठरविणें हें परीक्षकास शोभत नाहीं. वस्तु कशासाठीं जन्मली तें आधीं पाहावें, आणि तेंच काम तिच्याकडून करवून मग निकाल द्यावा.