अशर्फीचा भाव

आपलं आष्टी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, शेजारचं नगर इंग्रजी मुलखात. रुपयेसुद्धा वेगळे: इंग्रजी ६ म्हणजे उस्मानिया ७.

सोन्याच्या नाण्यांची गंमत त्याहून भारी. इंग्रजी गिनीचा, म्हणजे सॉव्हरिनचा दर १९२७च्या कायद्याने ठरवला: १३ रुपये ५ आणे ४ पै. १९३१ साली ब्रिटनने सुवर्णमानक सोडलं, सोनं भडकलं आणि तो दर कागदावरच राहिला. निजामाच्या अशर्फीला रुपयांत ठरलेली किंमतच नव्हती! बाजारात सोनं जसं, तशी ती. माझ्या मते निजामाचा हिशेब जास्त प्रामाणिक.

वजन ११.१८ ग्रॅम, कस ९१ टक्के, म्हणजे शुद्ध सोनं १०.१७ ग्रॅम. नाण्यांचा व्यापारी आजही आधी हा गुणाकार करतो, मग दुर्मिळतेचे पैसे वर चढवतो. पण सोन्याइतक्या वेगाने हे वरचे पैसे वाढत नाहीत. २०२५मध्ये १० ग्रॅमचा भाव लाखावर गेला, तेव्हा साध्या सालाच्या अशर्फीत फरक उरला किती? मग ती सरळ मुशीत जाते.

तेव्हा आजीच्या पेटीत एखादी असेल, तर तराजूत टाकण्याआधी तिच्यावरचं हिजरी साल वाचून घ्या. गळ्यात घालायला कडी डागलेली असेल तर मात्र संग्राहक तोंड फिरवतो. ती सोन्याच्याच भावाने जाणार.