बिडाला वेल्डिंग धरत नाही?

वेल्डिंगचं छोटं मशीन घरी आणून झिजलेले, तुटलेले पार्ट दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो: बिडाच्या नादी लागू नका. 1917 साली अमेरिकेत अडकलेल्या जर्मन खलाशांचा भरवसाही नेमका यावरच होता.

झालं असं, की 1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि बरीच जर्मन जहाजं अमेरिकेच्या बंदरांत अडकून पडली. पुढे अमेरिकाच युद्धात उतरणार असं दिसताच खलाशांनी वाफेच्या इंजिनांचे बिडाचे सिलेंडर फोडून ठेवले. हिशोब चुकीचा नव्हता. बिडात कार्बन जास्त, म्हणून ते ठिसूळ. एकाच जागी तापवलं की तेवढा भाग फुगतो, थंड होताना आक्रसतो आणि शेजारीच नवा तडा जातो. नवे सिलेंडर ओतायचे तर कित्येक महिने जाणार.

अमेरिकी नौदलाने इलेक्ट्रिक वेल्डिंग करायचं ठरवलं. आणि खरी मजा इथे आहे! तुटलेल्या कडेला भोकं पाडायची, त्यांत आटे पाडून पोलादी स्टड बसवायचे, मग त्या स्टडना धरून वेल्डिंग भरत जायचं. म्हणजे जोडाचा भार नुसत्या बिडावर न राहता आत रुतलेल्या स्टडवरही येतो. जाड बिडासाठी ही युक्ती आजही वापरतात.

‘ग्रोसर कुरफ्यूर्स्ट’ हे त्यांतलंच एक जहाज. अमेरिकेने त्याचं नाव ‘इओलस’ ठेवलं, आणि जर्मनीशी लढायला निघालेले सैनिक त्यातूनच फ्रान्सला पाठवले.