पोलीस, वस्ती आणि दिलेला शब्द

पोलीस आणि लोक यांच्यात विश्वास हवा, असे आपण सगळेच म्हणतो. गणपती, मोहरम, रामनवमी, ईद जवळ आली की हे वाक्य जास्तच कानावर पडते. पण हा विश्वास तयार कसा होतो, किती दिवस टिकतो आणि मोडतो तेव्हा कोणाच्या हातून मोडतो, हे फारसे कोणी सांगत नाही. ते समजून घ्यायला लांब जायला नको. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशातच याचा एक मोठा प्रयोग झाला होता, आणि त्याचे ठिकाण होते जळगावजवळचे धरणगाव.

आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून तेव्हा एकच खानदेश होता. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांकडे आला. त्याआधीची पंधरा-वीस वर्षे इथल्या माणसाने फार सोसले होते. फौजा येत, पेंढारी येत, त्यात दुष्काळ पडला. गावे ओस पडली. या सगळ्यात एका समाजाची फार मोठी उलथापालथ झाली. तो समाज म्हणजे भिल्ल.

भिल्ल हा मूळचा गावाचा राखणदार. गावात जागल्या म्हणून तो रात्रीचा पहारा द्यायचा, घाटात नाईक म्हणून वाट राखायचा. त्याबद्दल त्याचे हक्क बांधलेले असत. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर तो त्या काळचा पोलीसच होता. राज्यकारभार विस्कटला तसे त्याचे हक्क बुडाले. पोट कशावर भरायचे? ज्या वाटा तो राखत होता, त्याच वाटांवर तो लूट करू लागला. त्यावर सत्तेने काय केले? पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावला भिल्लांना कपटाने पकडून त्यांची कत्तल केली. माणसे विहिरींत टाकली गेली. पुढे चाळीसगावकडेही अशा कत्तली झाल्या. सरकारचा माणूस भेटीला बोलावतो तो मारण्यासाठी, ही गोष्ट डोंगरातल्या प्रत्येक पाड्यावर पोहोचली.

इंग्रजांनीही आधी बंदुकाच चालवल्या. टोळ्यांचा पाठलाग केला, नाईकांना पकडले, फासावर दिले. सात वर्षे हे चालले. एक टोळी मोडली की दुसरी उभी राहायची. शेवटी १८२५ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. त्यांतल्या दक्षिणेकडच्या एजन्सीचा कारभार कन्नडहून ओव्हान्स नावाचा अधिकारी पाहत असे. शरण येणाऱ्याला माफी, कसायला जमीन, बैल-बियाण्यासाठी तगाई, असे हे काम होते. आणि याच भिल्लांची एक पोलीस पलटण उभी करायचे काम दिले गेले जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे. हीच ती खानदेश भिल्ल कोअर. तिचे ठाणे धरणगावला पडले.

कोपरगावची आठवण ताजी असताना भिल्लांना ‘एकत्र या, पलटणीत भरती व्हा’ असे सांगणे म्हणजे काय, याचा विचार करा. कोण येणार? औट्रमने आधी पकडलेल्या काही भिल्लांना सोडून दिले. त्यांनी आपले नातलग आणले, मग आणखी काही सुटले. त्यांच्यामार्फत तो नाईकांपर्यंत पोहोचला. त्यांच्याबरोबर एकटा जंगलात गेला, त्यांच्यासोबत बसून प्याला, आणि पहारा न ठेवता त्यांच्यातच राहिला. हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. एवढे करून किती जण तयार झाले? पाच. पाच माणसांनी जीव धोक्यात घालून त्याच्यावर विश्वास टाकला, आणि त्या पाचांवर पुढची पलटण उभी राहिली. त्यांच्याबरोबर तो वाघाच्या शिकारीला जात असे. पायी शिकारीला निघालेल्या दोन माणसांना एकमेकांचा भरवसा धरावाच लागतो.

त्यातला एक प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ही नवी पलटण एकदा मालेगावच्या छावणीत गेली. तिथे औट्रमचीच जुनी पलटण होती. तिच्यात वरच्या जातींचे शिपाई होते. ते या भिल्लांकडे नाक मुरडतील, अशी भीती होती. पण ते स्वतः भिल्लांना भेटायला आले, शेजारी बसले, त्यांनी पानसुपारी दिली. भिल्ल शिपाई अतिशय सुखावले. ज्याला आजवर हाकलून दिले, त्याच्या हातावर कोणीतरी बरोबरीने विडा ठेवला होता. माफी, जमीन, तगाई ही सगळी सरकारची कामे झाली. पानसुपारी ही माणसाने माणसाला दिलेली इज्जत होती. विश्वास आणि आदर हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो. त्यांतला आदर आधी द्यावा लागतो.

पुढे काही वर्षांतच ही पलटण खजिन्याचा पहारा, वाटांची राखण, चौक्या अशी कामे करू लागली. औट्रम १८३५ साली इथून गेला.

आता ही गोष्ट इथेच थांबवली तर ती साहेबाची पोवाडेबाजी होईल. औट्रम साम्राज्याचा चाकर होता. हीच भिल्ल पलटण १८३० साली डांगच्या भिल्ल राजांवर चालून गेली. जिंकलेला विश्वास दुसऱ्यांना जिंकण्यासाठी वापरला गेला. आणि तो सगळ्यांना पुरलाही नाही. सेंधवा घाटाची राखण ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक १८५७ साली इंग्रजांवर उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली, तीत भिल्ल मोठ्या संख्येने पडले. मेहरबानी म्हणून दिलेला आदर मेहरबानी संपली की संपतो. तो हक्क म्हणून मिळाला तरच टिकतो.

त्याच सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. आता एखादा माणूस चोर ठरण्यासाठी त्याने चोरी करण्याची गरज उरली नाही. त्याची जात पुरेशी झाली. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. हजेरी, तारेचे कुंपण, गाव सोडायला परवानगी. १९५२ साली देशाने तो रद्द केला. पण कागदावरून कायदा जातो, ठाण्यातल्या नजरेतून जायला वेळ लागतो. पारध्यांच्या पालावर आजही विचारून पाहा.

मी जळगावचा. माझा जन्म ज्या वर्षांतला, त्या वर्षांच्या आगेमागेच आमच्या शहराची एक तारीख आहे : ८ मे १९७०. आदल्या दिवशी भिवंडीत दंगल पेटली आणि दुसऱ्या दिवशी ती जळगावात आली. ४३ माणसे गेली. त्यांतले एक सोडून बाकी सगळे मुसलमान होते. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी केली आणि पोलिसांच्या वागण्यावर, त्यांच्या पक्षपातावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. आमच्या लहानपणी मोठी माणसे या दंगलीविषयी आवाज खाली आणून बोलत. मुलांनी ऐकू नये म्हणून असेल. पण मुले तेवढेच ऐकतात. पोलीस दिसला की गल्ली बदलायची, हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि तरीही आम्ही ते शिकलो. कोपरगावची गोष्ट पाड्यापाड्यावर अशीच गेली असणार.

पण याच इतिहासाला दुसरी बाजू आहे, आणि तीही भिवंडीचीच आहे. १९७० मध्ये जळलेली भिवंडी १९८४ साली पुन्हा जळाली. १९८८ च्या सुमारास तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, सुमारे सत्तर. कमिट्या तर आपल्याकडेही असतात, मग यात वेगळे काय? एक म्हणजे, त्यांत नेहमीचे पुढारी न घेता गल्लीतली साधी माणसे घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. दुसरे म्हणजे, कमिटीची जबाबदारी त्या भागातल्या पोलीस शिपायावर आणि खालच्या अधिकाऱ्यावर टाकली. ज्याला कोणी कधी काही विचारत नाही, त्या शिपायाला पहिल्यांदा मान मिळाला, आणि ज्याला स्वतःला मान मिळतो तोच दुसऱ्याला देऊ शकतो. तिसरे म्हणजे, बैठका शांततेच्या दिवसांत होत राहिल्या, छोट्या छोट्या तक्रारी निकाली निघत राहिल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच आहे. पुढे मुंबईतही सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींनी मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी केली.

आमच्या भागात मात्र हा धडा वेळेवर पोहोचला नाही. धुळे ऑक्टोबर २००८ मध्ये पेटले. ६ जानेवारी २०१३ रोजी पुन्हा पेटले, आणि कारण काय, तर मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून झालेले भांडण. चार-दोन रुपयांची गोष्ट. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मुसलमान मुले मेली. पोलीसही पुष्कळ जखमी झाले. त्यांनाही घरे आहेत, त्यांचीही मुले वाट पाहत होती. नंतर काही पोलीसच मोडतोड करताना दिसतील अशी चित्रफीत बाहेर आली आणि काहींना अटक झाली. हॉटेलच्या बिलाचे भांडण मिटवायला एक हवालदार पुरतो. पण त्याला दोन्ही बाजू नावाने ओळखत असल्या पाहिजेत, आणि तोही त्यांना.

विश्वास नसला की काय होते, याचे दुसरे उदाहरणही धुळे जिल्ह्यातलेच. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवर पसरली होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. संशय आला तर पोलिसांना बोलवावे, त्यांच्या ताब्यात द्यावे आणि निवांत व्हावे, एवढा भरवसा त्या जमावाला नव्हता. ठाण्यावरचा विश्वास संपला की गाव स्वतःच ठाणे होते, स्वतःच न्यायालय होते. त्यात मरतो तो बाहेरून आलेला, ज्याला तिथे कोणी ओळखत नाही तो.

मी कविता लिहितो म्हणून कधीमधी शांतता समितीच्या बैठकीला मला बोलावतात. मी जातो. फलक असतो, हार असतात, चहा असतो. दोन्हीकडचे तेच तेच लोक एकमेकांची स्तुती करतात. ज्यांच्या हातात उद्या दगड असू शकतो ती मुले तिथे नसतात. ज्याच्या हातात उद्या बंदूक असेल तो शिपाई दाराशी उभा असतो. त्याला बसायला खुर्ची नसते. मला दरवेळी वाटते की या दोघांना आत घ्यावे आणि आम्ही मंडळींनी बाहेर उभे राहावे.

करायचे काय, यासाठी मोठ्या योजना लागत नाहीत. योजना आहेतच. गावागावात पोलीस पाटील आहे, १९६७ चा ग्राम पोलीस कायदा आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि अनेक गावांनी आपले तंटे गावातच मिटवले. सच्चर समितीने २००६ साली सांगितले की मुस्लिमबहुल भागातल्या ठाण्यांत मुसलमान अधिकारी असावा, लोकांचा भरवसा वाढावा म्हणून. हे १८२५ मध्ये धरणगावला उमगलेलेच शहाणपण आहे : ज्या समाजाचा विश्वास हवा, त्याची मुले खाकी वर्दीत दिसली पाहिजेत. म्हणून आमच्या मोहल्ल्यांनाही माझे सांगणे आहे. मुलांना पोलीस भरतीच्या मैदानावर पाठवा. ठाण्याला नावे ठेवणे सोपे आहे, सकाळी पाचला उठून धावणे अवघड आहे.

पोलिसांनाही एक सांगावेसे वाटते. वस्तीत दंगलीच्या दिवशी पहिल्यांदा येऊ नका. साध्या दिवशी या. एखाद्याची सायकल चोरीला गेली, म्हातारीचे पेन्शनचे पुस्तक हरवले, तेव्हा या. तक्रार लिहून घेताना समोरच्याला ‘अहो’ म्हणा आणि बसायला सांगा. याला सरकारी मंजुरी लागत नाही, एक पैसा खर्च होत नाही. आणि चूक झाली तर चौकशी होऊ द्या, तिचा निकाल लोकांना कळू द्या. लोक पोलिसांच्या चुका विसरायला तयार असतात. झाकलेल्या चुका विसरत नाहीत.

औट्रमला पाच माणसे मिळाली आणि त्याला ती पुरेशी वाटली. आपल्या प्रत्येक चौकीच्या हद्दीत अशी पाच माणसे सहज असतील, ज्यांना त्या भागातल्या शिपायाचे नाव माहीत आहे आणि ज्यांचे नाव त्या शिपायाला माहीत आहे. नसतील, तर या आठवड्यात सुरुवात करता येईल. आपल्या चौकीवर जा, तिथल्या शिपायाचे नाव विचारा आणि आपले सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)