रेडिएटर, जुन्या मोटारींचे : जीर्णोद्धार

एंजिनातील गरम पाणी थंड करणाऱ्या तांबे-पितळी रेडिएटरची, मूळ भाग राखून केलेली दुरुस्ती. अमेरिकेत १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून गाजलेल्या, ताकदवान एंजिनाच्या ‘मसल कार’ मराठवाड्यात विरळाच. छत्रपती संभाजीनगर परिसरात हा विषय मुख्यतः ॲम्बॅसडर, कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी आणि जीप यांच्याशी निगडित आहे.

रचना : दोन पितळी टाक्या, त्यांच्यामध्ये चपट्या नळ्या आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी. सांधे शिसे-कथलाच्या डाखाचे असतात.

बिघाड : दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते. तेच वर्षानुवर्षे ओतत गेल्यास नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसतो. सपाटीवर हे जाणवत नाही. मे महिन्यात भरल्या गाडीने कन्नडचा औट्रम घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. अशा वेळी गरम रेडिएटरचे झाकण उघडणे घातक असते. दाबाखालचे पाणी १००° से.च्या वर जाऊनही उकळत नाही, पण दाब सुटताच उसळते.

दुरुस्ती : प्रथम कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात रंग व तेलकट मळ काढतात. ॲल्युमिनियमचा रेडिएटर या द्रावणात टाकू नये, तो खाल्ला जातो. मग गॅसच्या ज्योतीने टाकीचा डाख सोडवतात. खरी कसोटी इथे लागते. कथील ६३ व शिसे ३७ टक्के असलेला डाख १८३° से.लाच वितळतो. रेडिएटरच्या डाखात शिसे बहुधा अधिक असते, त्यामुळे तो थोडा उशिरा सुटतो. तरी ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर शेजारचा सांधाही सुटतो. म्हणून लगतच्या सांध्यांवर ओली फडकी ठेवतात. टाकी निघाल्यावर प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवून थर मोकळा करतात. पुन्हा डाख देण्यासाठी जस्त घालून मारलेले तेजाब लावतात. ते नंतर धुऊन न काढल्यास पितळ हिरवे पडते. शेवटी तोंडे बंद करून हवा भरतात आणि रेडिएटर पाण्यात बुडवतात. जिथून बुडबुडे येतील तिथे गळती. शिशाच्या वाफा व धुळीमुळे हे काम मोकळ्या हवेतच करावे.

मूळपणा : जाळी सडली असल्यास नवी बसवण्यास हरकत नाही. टाक्या मात्र जपाव्यात, कारण निर्मात्याची खूण बहुधा तिथेच सापडते. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांचे रेडिएटर लॉकपोर्ट (न्यूयॉर्क) येथील हॅरिसन विभागाचे असत. त्यांच्या टाकीवर ते नाव उठवलेले आढळते. ॲल्युमिनियमची नवी जोडणी हलकी व स्वस्त पडते, पण तिला जीर्णोद्धार म्हणता येत नाही.

रंग : काळा, अगदी पातळ, जाड थराने उष्णता अडते.

कायदा : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खाजगी गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते.