वर्ध्याचा आश्रम आणि राजपुऱ्याच्या बीबीजी

चंदीगडहून पतियाळ्यास जाताना चाळीसेक किलोमीटरवर राजपुरा लागते. आपल्यापैकी बहुतेकांस ते रेल्वेचे जंक्शन म्हणून, किंवा गावाकडे जाणारी गाडी पकडण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. याच राजपुऱ्यात कस्तुरबा सेवा मंदिर नावाची संस्था उभी राहिली आणि ती उभी करणाऱ्या बीबी अमतुस्सलाम यांची घडण आपल्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामी झाली होती, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या कानांवर नसते. महाराष्ट्र आणि पंजाब यांच्या नात्याचा विषय निघाला की आम्ही मराठी माणसे संत नामदेव आणि घुमान यांच्यापाशी येऊन थांबतो. ते योग्यच आहे. परंतु त्या जुन्या धाग्याशेजारी हा विसाव्या शतकातील दुसरा धागाही आहे, आणि तो आपल्या उंबरठ्याच्या अधिक जवळ आहे.

हा धागा हाती घेण्यापूर्वी गांधीजींच्या आश्रमाची एक रीत समजून घेतली पाहिजे. आश्रम म्हणजे संसाराकडे पाठ फिरवून बसण्याची जागा, अशी आपली समजूत असते. तेथे प्रत्यक्षात माणसे आपले काम कोणते, हे पारखून घेण्यासाठी राहत. आणि त्या पारखीसाठी कधी कधी त्यांना आश्रमाबाहेरही जावे लागे. याचे आरंभीचे उदाहरण मराठीच आहे. विनोबा भावे जून १९१६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी एका वर्षाची रजा मागितली आणि वाईस येऊन नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. मात्र हे वर्ष केवळ पोथीत गेले नाही. विनोबांनी गीतेचे व ज्ञानेश्वरीचे वर्ग विनामूल्य घेतले, सुमारे ४०० मैल पायी प्रवास केला, रायगड-सिंहगड पाहिले, आणि विद्यार्थी मंडळ स्थापून त्याच्या वाचनालयास पुस्तके घेता यावीत म्हणून मुलांसह लोकांची दळणे दळली. शांकरभाष्य आणि जाते एकाच दिनक्रमात बसविणारा विद्यार्थी वाईने त्यापूर्वी पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही. ते वाईतच राहिले असते, तर एक थोर वेदान्ती म्हणून महाराष्ट्राने त्यांना मान दिला असता. परंतु १९१८ च्या फेब्रुवारीत, ठरलेल्या मुदतीस, ते आश्रमात परतले.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथील मंडळींवर नजर टाकली तर सर्वधर्मसमभाव हा शब्द पुस्तकातून उठून पंगतीत येऊन बसल्यासारखा वाटतो. कपुरथळ्याच्या राजघराण्यातील ख्रिस्ती राजकुमारी अमृत कौर तेथे चिटणिसाचे काम करीत. नई तालीमचा भार सिंहली भूमीतून आलेले आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी यांनी उचलला होता. एक जपानी बौद्ध भिक्षू आपला ढोल वाजवीत मंत्र म्हणे. युद्धकाळात सरकारने त्यास पकडून नेल्यावरही तो मंत्र प्रार्थनेत राहिला. कुराणातील आयतेचाही त्या प्रार्थनेत समावेश होता. आणि कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुटी बांधून दिल्यावर गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालीश करीत.

तथापि, हे चित्र फार गोड रंगवू नये. पहाटे उठणे, सूत कातणे, संडास साफ करणे, बिनमसाल्याचे उकडलेले अन्न खाणे, यांत माणसांचे रुसवेफुगवे व्हावयाचेच. अमतुस्सलाम यांना गांधीजींनी लिहिलेल्या पत्रांचे संपादन काकासाहेब कालेलकरांनी केले आहे. पतियाळ्याच्या एका मुसलमान घराण्यातील ही कन्या गांधीजींच्या आश्रमात आली तीच नाजूक प्रकृती घेऊन. त्या आपल्या धर्माचे निष्ठेने पालन करीत आणि गांधीजींना पित्याच्या ठिकाणी मानीत. त्यांना लिहिताना गांधीजी लेकीप्रमाणे लाड करतात, आणि प्रकृतीची हेळसांड व मनाचा हळवेपणा यांबद्दल रागेही भरतात. आमच्या मते आश्रमातील धर्मैक्याचा खरा पुरावा तेथील प्रार्थनेपेक्षा या रागावण्यात अधिक आहे. परक्याशी माणूस अदबीने वागतो. रागे भरतो ते घरच्याच माणसाला.

बीबीजींच्या कसोटीचा काळ १९४६ च्या अखेरीस आला. ऑक्टोबरमध्ये पूर्व बंगालातील नोआखालीत हिंदूंवर अत्याचार झाले. गांधीजींनी तेथे पोहोचल्यावर आपल्या सोबत्यांना एकेका गावी एकटे धाडले: ज्याने त्याने आपल्या गावात राहावे, भयभीतांची सेवा करावी आणि वेळ आल्यास तेथेच मरावे. अमतुस्सलाम यांच्या वाट्याला सिरंडी हे गाव आले. तेथील हिंदूंच्या घरांतून पूजेची खड्गे पळविण्यात आली होती. काही परत मिळाली, एक मिळेना. ते परत मिळावे म्हणून या मुसलमान स्त्रीने आपल्याच धर्मबांधवांसमोर उपोषण मांडले. ते २५ दिवस चालले. २० जानेवारी १९४७ रोजी गांधीजी पायी फिरत सिरंडीत आले, गावच्या मुसलमान पुढाऱ्यांनी हिंदूंच्या धर्माचरणास संरक्षण देण्याची लेखी हमी दिली, आणि संत्र्याच्या रसाने उपोषण सुटले. खड्ग मात्र सापडले नाही. हा हट्ट होता की तप, याविषयी मतभेद होऊ शकतील. दुसऱ्याच्या देवघरातील वस्तूसाठी आपल्या माणसांकडे न्याय मागावयाचा, यातले धैर्य मात्र वादातीत आहे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टनंतर पंजाबात जे घडले, ते येथील जुन्या रहिवाशांना सांगावयास नको. पतियाळा संस्थानातील मुसलमानांची वस्ती बहुतांशी सीमेपलीकडे गेली वा मारली गेली. ज्यांना आपला धर्म आणि आपले गाव यांपैकी एकच राखता आले, अशांची संख्या दोन्ही बाजूंस लक्षावधी होती. अमतुस्सलाम यांनी दोन्ही राखले. बहावलपूर संस्थानातून सर्वस्व गमावून आलेल्या हिंदू निर्वासितांना राजपुऱ्यात वसविण्यात आले, आणि त्यांच्यामध्ये जाऊन राहण्याचे काम त्यांनी पत्करले. ज्या लोकांनी मुसलमानांच्या हातून घरदार गमावले होते, त्यांच्या दारी एक मुसलमान बाई चरखा घेऊन उभी राहिली, ही कल्पना कागदावर सोपी दिसते. १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना निवर्तलेल्या कस्तुरबांचे नाव त्यांनी आपल्या संस्थेस दिले. सेवाग्रामच्या वाटेने आलेली खादी येथे स्त्रियांच्या पोटापाण्याचे साधन झाली.

वर्ध्याहून उत्तरेस आलेल्या त्या एकट्याच नव्हेत. १९४८ च्या मार्चअखेरीस विनोबा पवनारहून दिल्लीस आले व निर्वासितांच्या छावण्यांतून फिरले; उखडल्या गेलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा आपल्या गावी वसविण्याच्या कामी त्यांनी पुष्कळ श्रम घेतले. १९५९ मध्ये पदयात्रा करीत ते पंजाबात व काश्मिरात गेले, आणि पठाणकोटच्या प्रस्थान आश्रमाची स्थापना झाली. जपुजीवरील त्यांचे विवेचन पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहे. परंतु विनोबांना पुढची गावे होती. ते चालत राहिले. बीबीजी राजपुऱ्यातच राहिल्या. १९८५ मध्ये, पंजाब पुन्हा एकदा होरपळत असताना, त्यांचे निधन झाले.